एकाच पंचाचा पाच

पिंपरीत बारा वर्षं मी टूलरूममध्ये काढली. आकडे-अक्षरं ठोकायचे पोलादी पंच, डाय, गेज यांतच हात काळे केले. अशा माणसाला लोखंडावर मारलेल्या आकड्यांनीच ५,२०० डॉलरना टोपी घातली, हे सांगायला लाज वाटते. तरी सांगतो, कारण इथे ओहायोत जुन्या रायफली जमवणारे आपले तीन-चार जण तरी मला माहीत आहेत, आणि त्यांतल्या एकाचा डोळा सध्या याच मालावर आहे.

माल म्हणजे ली-एनफिल्ड नंबर ४ मार्क १ (टी). एनसीसीच्या कॅम्पात जिने आपले खांदे सुजवले त्या थ्री-नॉट-थ्रीच्या घराण्यातलीच, पण दुसऱ्या महायुद्धातली, दुर्बीण लावलेली. कारखान्यातून अचूक मारा करणाऱ्या रायफली निवडून काढायच्या आणि लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने त्यांवर दुर्बीण धरून ठेवायचे पॅड नि ब्रॅकेट, गाल टेकायचा लाकडी तुकडा बसवायचा, असं काम १९४२ पासून चाले. साध्या नंबर ४ लाखांनी बनल्या, या पंचवीस हजारांच्या आसपास. त्यामुळे भावात जमीन-अस्मानाचा फरक. आणि साधीची 'टी' करायला लागतं काय? नवे पॅड, नवं ब्रॅकेट उघड विकत मिळतं. उरला अक्षरांच्या पंचांचा एक डबा.

विकणारा गन शोमध्ये टेबल मांडून बसलेला सत्तरीतला गृहस्थ. बोलणं मऊ, घाई नाही. मी दहा दिवस वाचून गेलो होतो, त्यामुळे मनात यादी तयार होती, आणि ती जणू त्यालाही पाठ होती. रायफल फिरवत त्याने एकेक खूण भिंगाखाली धरली. दस्त्याच्या लोखंडी खोबणीवर डाव्या बाजूला एम४७सी, म्हणजे बीएसए या ब्रिटिश कंपनीच्या शर्ली कारखान्याचा युद्धकाळातला कोड. त्याच्याखाली १९४४. तिथेच टीआर, बॉडीच्या डाव्या भिंतीवर टी, या दोन्ही दुर्बिणीवाल्या रायफलीच्या खुणा. दस्त्याच्या खालच्या अंगाला एस५१, हा हॉलंड अँड हॉलंडचा कोड. दस्त्याच्या बारीक मानेपाशी लाकडावर दुर्बिणीचा नंबर, ब्रॅकेटवर रायफलीचा नंबर, गोळी भरायच्या खिट्टीवर म्हणजे बोल्टवरही तोच. नेम धरायच्या मागच्या साइटवरचं लढाईचं मोठं भोकसुद्धा घासून काढलेलं, कारण ते ठेवलं तर दुर्बिणीला अडतं. सगळं जुळलं. प्रश्नही त्याचे, उत्तरंही त्याचीच, आणि पैकीच्या पैकी मार्क मात्र मी मला देत होतो!

महिनाभराने तेलपाणी करायला रायफल स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेतली. खिडकीचं तिरकं ऊन ब्रॅकेटवर पडलं आणि नंबरातल्या ५ कडे लक्ष गेलं. त्याच्या पोटाच्या आतल्या कडेला एक बारीक खोच. पंचाचा टवका उडाला की अशी खोच प्रत्येक ठशात उमटते. पिंपरीत आम्ही तेवढ्यावरून कुणी कुणाचा पंच ढापला ते ओळखायचो. बोल्ट काढला. तिथल्या ५ मध्ये तीच खोच. उलटी करून एस५१ बघितलं. तिथेही तीच.

ब्रॅकेट आणि एस५१ एकाच छताखाली मारले गेले, तेव्हा त्यांचा पंच एक असू शकतो, ठीक. पण बोल्टचा नंबर रायफल बनते त्या शर्लीच्या कारखान्यातला. तो आणि लंडनचा पंच एकच कसा? शिवाय खोबणीवरच्या मूळ नंबरातला ५ अगदी वेगळा, सपाट टोपीचा, बिनखोचेचा.

मग बोल्टच नीट पाहिला. दांड्यावर चौकोनी वळणाचा एस, म्हणजे अमेरिकेतल्या सॅव्हेजने बनवलेला सुटा भाग. नुसत्या तेवढ्यावरून कुणाला चोर ठरवू नये. फौजेत भाग बदलले जात, बीएसएच्या रायफलीत सॅव्हेजचा बोल्ट येऊ शकतो. पण लष्करी आर्मरर, म्हणजे फौजेतला शस्त्रं दुरुस्त करणारा, जुन्या नंबरावर रेघ मारतो आणि शेजारी नवा ठोकतो. त्याला लपवायचं काही नसतं. इथे जुना नंबर घासून काढलेला, बोटाला खळगा लागत होता. नव्या आकड्यांच्या कडा उचललेल्या, तळाशी झळाळी. वरून गन ब्लू, म्हणजे लोखंड काळपट करणारं रसायन, फासलेलं होतं, पण कापसाच्या बोळ्याने ते पुसून आलं. ही बोटं गन शोच्या टेबलापाशीही माझीच होती. तिथे त्यांना कुणी विचारलं नाही.

बायकोला सांगितलं तर तिने एवढंच विचारलं, "भिंग तुझं होतं की त्याचं?"

त्याचं होतं.

फोन केला. तो शांतपणे म्हणाला, पावती वाच. पावतीवर लिहिलं होतं: ली-एनफिल्ड नंबर ४, वापरलेली, आहे त्या स्थितीत. टी हे अक्षर कुठेच नाही, दुर्बिणीचा उल्लेखही नाही. तोंडाने तासभर जे सांगितलं त्यातलं त्याने एक अक्षर कागदावर येऊ दिलं नव्हतं. वकिलाने पावती पाहिली आणि फीसुद्धा घेतली नाही.

मागच्या आठवड्यात सिनसिनाटीच्या मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले. "बघ रे, सगळे मार्किंग बरोबर आहेत ना? म्हातारा फार सज्जन आहे." चौथा फोटो एस५१ चा होता. मी तो मोठा करून ५ चं पोट पाहिलं आणि लगेच त्याला फोन लावला.