डॉइचलांड सेमेस्टर तिकीट: एक अख्खा हिवाळा वापरल्यावर

ओळखीतल्या ज्या ज्या पोरांना यंदा जर्मनीचं ॲडमिशन मिळालंय त्यांचा मला एकच मेसेज येतोय, ताई विद्यार्थ्यांच्या त्या डॉइचलांड तिकिटावर खरंच जर्मनीभर फिरता येतं का. येतं. पण फिरायचं तिकीट म्हणून त्याच्याकडे बघाल तर वैतागाल आणि लोकलचा पास म्हणून बघाल तर खूश राहाल, माझं म्हणणं एवढंच आहे. सध्या सेमेस्टरच्या सुट्टीत मुलुंडला आलेय, वेळ आहे, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, आता पुढच्या प्रत्येकाला हेच पाठवणार.

आधी प्रकार काय आहे ते. २०२२ च्या उन्हाळ्यात जून ते ऑगस्ट तिकडच्या सरकारने ९ युरोत महिनाभर लोकल गाड्या असं तिकीट काढलं होतं, लोक तुटून पडले, मग १ मे २०२३ पासून तेच डॉइचलांड तिकीट या नावाने कायमचं झालं, महिना ४९ युरोला. जानेवारी २०२५ ला ५८ झाले आणि जानेवारी २०२६ पासून ६३. विद्यार्थ्यांना ते ६० टक्के भावात मिळतं, पण ज्या विद्यापीठाने करार केलाय तिथेच, आणि मग ते सगळ्यांनाच घ्यावं लागतं, सेमेस्टरच्या फीमध्येच पैसे कापले जातात, मला नको म्हणायची सोय नाही. माझ्या हिवाळी सेमेस्टरला महिन्याचे ३४.८० पडले म्हणजे सहा महिन्यांचे २०८.८०. युरो शंभराच्या वर गेलाय त्यामुळे रुपयात केलं तर महिन्याला साडेतीन हजारांच्या वर जातं, आणि आई अजून रुपयातच करते. मी मात्र तासात मोजते, जानेवारी २०२६ पासून तिकडे किमान पगार तासाला १३.९० युरो झालाय, म्हणजे महिन्याचं तिकीट हे साधारण अडीच तासांचं काम. अडीच तासांच्या पगारात महिनाभर सगळ्या बस, ट्राम, मेट्रो, एस-बान म्हणजे शहराच्या लोकल, आरबी म्हणजे गावोगाव थांबणाऱ्या आणि आरई म्हणजे त्यातल्या जरा फास्ट गाड्या. सगळ्या राज्यांतल्या. आपल्याकडे स्टुडंट कन्सेशनचा पास घर ते कॉलेज तेवढाच, दादरला उतरून वेस्टर्नला जायचं तर परत तिकीट काढा, पुढे बेस्टचं वेगळं, मेट्रोचं वेगळं. तिथं पहिले काही दिवस मी उगाचच कुठल्याही बसमध्ये चढून शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊन यायचे.

आता खरा फायदा. माझं विद्यापीठ आखेनला आहे, बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या हद्दीला लागून. गावात पोरांची गर्दी प्रचंड, हॉस्टेलची वेटिंग लिस्ट लांबच लांब, खोल्यांचे भाव डोक्याबाहेर. मी ड्युरेनला खोली घेतली, आखेन आणि कोलोनच्या मधलं गाव, मेन लाइनवर. आखेनमध्ये जेवढ्यात कुणासोबत तरी वाटून राहायला मिळत होतं त्यात ड्युरेनला एकटीला खोली मिळाली, खिडकीसकट. बरोबरचे लोक म्हणाले इतक्या लांब कशाला, रोज तीस किलोमीटर! बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले म्हणजे मुलुंड ते व्हीटी एवढंच ना, मग काय झालं. आणि खरंच तेवढंच आहे, फक्त गाडी अर्ध्या तासाच्या आत पोचते आणि बसायला मिळतं. दिल्लीच्या आणि बंगलोरच्या मुलांना हे पटवायला मला वेळ लागला पण डोंबिवलीचा एक जण आहे तो लगेच पुढच्या महिन्यात ड्युरेनला आला. लाइन बघून घर घ्यायचं हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तिकडे खोली शोधताना शहराच्या नावाने शोधू नका, आरई कुठे थांबते ते बघा, रात्री शेवटची गाडी कितीची आहे ते बघा, स्टेशनपासून चालत किती ते बघा, बास.

पाचपैकी चार देईन. एक का कापला ते ऐका.

जर्मन म्हणजे घड्याळ वगैरे जे ऐकून जातो आपण ते गाड्यांच्या बाबतीत विसरा. त्यांच्या लांब पल्ल्याच्या गाड्या २०२४ मध्ये ६२.५ टक्केच वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर ते उशीर धरतच नाहीत. लोकल गाड्यांचं यापेक्षा बरं असतं, पण त्याच रुळांवरून धावायचं असल्यामुळे मागच्या जलद गाडीला वाट द्यायला आपली गाडी साइडला उभी, हे नेहमीचं. उशिराचं मला इतकं काही वाटत नाही, कुर्ला ते सायन उभं राहून मोठी झालेय. त्रास होतो तो गाडीच रद्द होण्याचा. आपल्याकडे एक गेली तर मागून चार मिनिटांनी दुसरी, तिथं थेट पुढच्या वेळेलाच, आणि डिसेंबरमध्ये उघड्या प्लॅटफॉर्मवर शून्याखाली उभं राहून तुम्हाला मुंबईची गर्दी आठवून अक्षरशः प्रेम वाटतं. नुकसानभरपाई असते, तासाभराच्या वर उशीर झाला तर दीड युरो. हो, दीड. आणि चार युरोच्या खाली ते देत नाहीत, म्हणजे तीन वेळा रखडलात की मग अर्ज करा. मी नाही केला कधी.

आणि मेगाब्लॉक आहे बरं का तिकडे! रविवारपुरता नाही, कधी कधी आठवडेच्या आठवडे. रुळांचं काम निघालं की गाडीऐवजी बस लावतात, बोर्डावर एसईव्ही लिहिलेलं दिसलं की समजायचं आज वाट लागली. बस स्टेशनच्या नेमकी कुठल्या बाजूला लागते हे शोधण्यात पहिली बस जाते. हे सगळं ॲपवर आदल्या दिवशी दिसतं, त्यामुळे परीक्षेच्या आदल्या रात्री बघायची सवय ठेवा, आणि परीक्षेला एक गाडी आधीची पकडा. प्लॅटफॉर्म बदलल्याची घोषणा छोट्या स्टेशनवर फक्त जर्मनमध्ये होते, तेव्हा ग्लाइस (म्हणजे प्लॅटफॉर्म) हा शब्द आणि वीसपर्यंतचे आकडे विमानात बसण्याआधी पाठ करा, बाकीचं व्याकरण नंतर. काही गाड्या मध्येच एका स्टेशनवर तुटून दोन दिशांना जातात, पुढचा अर्धा एकीकडे मागचा अर्धा दुसरीकडे, तेव्हा डब्यावरचं नाव वाचूनच चढा. दार आपोआप उघडत नाही, बटण दाबा.

फिरण्याचं आता. जर्मन रेल्वेच्या डीबी नॅव्हिगेटर ॲपमध्ये फक्त या तिकिटावर चालणाऱ्या गाड्या दाखव असा पर्याय आहे तो ऑन ठेवा, नाहीतर ते तुम्हाला आयसीई दाखवत राहतं आणि आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत हे तिकीट चालत नाही. आमच्यातले काही उत्साही लोक आखेनहून बर्लिनला फक्त आरईने गेले, गाड्या बदलत बदलत, अख्खा दिवस गेला आणि तिथं पोचून झोपले. नको. तेवढ्यासाठी महिनाभर आधी स्वस्तातलं आयसीईचं तिकीट काढा नाहीतर बस घ्या. तीन तासांच्या आतलं जे आहे ते मात्र सोडू नका. कोलोनहून माइंझला ऱ्हाइनच्या डाव्या काठाने आरबी २६ जाते, तिच्यात डावीकडची खिडकी पकडायची, कोब्लेंझ सुटलं की पुढे बिंगेनपर्यंतचा पट्टा युनेस्कोच्या यादीत आहे, वळणावळणावर किल्ले, द्राक्षांचे मळे, समोरच्या काठावर लोरेलायचा कडा. लोक बोटीला पैसे देतात, आपण पासावर बघायचं. मी डबा घेऊन जाते, मेथीचे ठेपले नाहीतर दडपे पोहे, मध्येच एखाद्या गावात उतरायचं, चालायचं, मागून येणारी पकडायची. तिकीट परत काढायचं नसलं की माणूस कुठेही उतरतो, ही खरी मजा.

दिवाळीला ड्युसेलडॉर्फला एका मैत्रिणीकडे आम्ही सगळे जमलो, कुणी बॉनहून, कुणी डॉर्टमुंडहून, माझ्याकडे आईने दिलेली चकली होती, प्रवासात निम्मी चुरा झाली पण कुणी तक्रार केली नाही. डाळ-तांदूळ पोहे मी कोलोनहून आणते, आणि रविवारी सगळं बंद असतं तेव्हा मोठ्या स्टेशनातली दुकानं उघडी असतात हे लक्षात ठेवा, दूध संपलं की मी कोलोनला जाते असं सांगितलं तर इथल्या काकू हसतात. फक्त ११ नोव्हेंबरला कोलोनला कामाशिवाय जाऊ नका, सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी तिथल्या कार्निव्हलचा मोसम सुरू होतो आणि गाडीत विदूषक, अस्वलं आणि बिअरच्या बाटल्या. संध्याकाळी सहाची बदलापूर फास्ट पकडलेल्या माणसाला गर्दीचं काही नाही, पण बदलापूर फास्टमध्ये कुणी आपल्या बुटांवर बिअर सांडत नाही.

काही बारीकसारीक. तिकीट फोनमध्येच असतं, सोबत फोटो असलेलं ओळखपत्र लागतं, दुसऱ्याला देता येत नाही, स्क्रीनशॉट चालत नाही. स्टेशनला गेट नाही त्यामुळे कुणी बघतच नाही असं वाटतं, मग एकदम साध्या कपड्यातला माणूस समोर उभा. दंड ६० युरो. फोन बंद पडला म्हणून दाखवता आलं नाही तर नंतर तिकीट दाखवून सहसा ७ युरोवर मिटतं, पण हेलपाटा आहेच, थंडीत बॅटरी भराभर उतरते तेव्हा पॉवरबँक बाळगा. सायकलचं तिकीट वेगळं. फर्स्ट क्लासमध्ये बसायचं नाही, रिकामा असला तरी. हद्दीपलीकडे नेदरलँड्स, बेल्जियमला जायचं तर बहुतेक वेळा पुढचं तिकीट काढायला लागतं, आखेनला राहणाऱ्यांना हे फार टोचतं कारण हद्द इतकी जवळ आहे.

आणि पहिल्या दिवशी या तिकिटावर विसंबू नका. नाव नोंदणी पूर्ण झाल्याशिवाय आणि सेमेस्टर सुरू झाल्याशिवाय ते मिळत नाही, युनिव्हर्सिटीचा हिवाळी सेमेस्टर १ ऑक्टोबरला सुरू होतो आणि तुम्ही सप्टेंबरमध्येच पोचणार. फ्रँकफर्टला उतरून दोन मोठ्या बॅगा घेऊन कोलोनकडे यायचं असेल तर सरळ आयसीई घ्या, विमानतळावरून कोलोन तासाभरात येतं, लोकलने येताना बॅगांसकट जिने चढ-उतार करून पैसे वाचवण्यात अर्थ नाही. मधल्या महिन्यासाठी साधं ६३ युरोचं घेतलंत तर ते दरमहा आपोआप चालू राहतं, बंद करायचं तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवायचं, नाहीतर पुढच्या महिन्याचेही कापले जातात आणि तोवर तुमच्याकडे सेमेस्टरचं आलेलं असतं.

एप्रिल २०२६ पासून आमचं ६० टक्क्यांच्या हिशोबाने ३७.८० होतंय. तीन युरो वाढले म्हणून ग्रुपवर आरडाओरडा चालू आहे. मी ड्युरेनच्या खोलीचा करार आणखी एक वर्ष वाढवलाय, डोंबिवलीवाल्यानेही. खोल्या बघायच्या असतील तर लाँगरवेहे आणि एशवायलरपण बघा, त्याच लाइनवर आहेत.