ऑक्सफर्डची फिजिक्स-फिलॉसॉफी नियमावली: साडेतीन तारे

फुकट मिळते आणि कुणालाही उघडून वाचता येते, पहिला तारा एवढ्यासाठीच. ऑक्सफर्डच्या ‘फिजिक्स अँड फिलॉसॉफी’ या चार वर्षांच्या पदवीचे परीक्षा-नियम मी भाचीसाठी वाचायला घेतले. पोरगी अमळनेरची, बारावी सायन्सची. तिला न्यूटन तर हवाच, शिवाय ‘न्यूटनचं खरं कशावरून?’ हेही हवं. पहिलं पान बघून तिनं मोबाइल माझ्या हातात दिला, “मामा, हाई कसं वाचानं?”

पोरीचं खोटं नाही. सातबाऱ्याच्या फेरफार नोंदीसारखी भाषा आहे. त्यातून मूळ नियम एकीकडे, अभ्यासक्रमाची पुस्तिका दुसरीकडे आणि गुण कसे द्यायचे ते तिसरीकडेच. तत्त्वज्ञानाचे पेपर नुसत्या क्रमांकांनी ओळखायचे: १०२ म्हणजे ज्ञान आणि वास्तव, १२० म्हणजे भौतिकशास्त्राचं तत्त्वज्ञान. यासाठी अर्धा तारा कापला.

पण आत शिरल्यावर मजा येते. पहिल्या वर्षी गणित, यांत्रिकी, तर्कशास्त्र आणि त्यांच्या जोडीला लायब्निझ-क्लार्क पत्रव्यवहार! जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझ आणि इंग्रज धर्मोपदेशक क्लार्क यांची ही १७१५-१६ मधली पत्रं. सगळं विश्व जसंच्या तसं पूर्व-पश्चिम उलटून ठेवलं तर फरक काय पडेल, असा लायब्निझचा सवाल. न्यूटनची बाजू लढवतोय क्लार्क. मी ज्युनिअर कॉलेजात आयुष्यभर यांत्रिकी शिकवली. ‘निरपेक्ष अवकाश’, म्हणजे वस्तू असोत-नसोत आपल्या जागी असणारी न्यूटनची पोकळी, हा शब्द फळ्यावर लिहिला की पुढची ओळ थेट उदाहरणाची असायची. इथे त्या एका शब्दावर पोरांना निबंध लिहावा लागतो.

दुसऱ्या वर्षाअखेरची परीक्षा निव्वळ भौतिकशास्त्राची. तिसऱ्या वर्षी दोन्ही विषय. त्यात सापेक्षता आणि क्वांटमवरचा तो १२० क्रमांकाचा पेपर कुणालाच टाळता येत नाही. तत्त्वज्ञानाच्या पेपरला तीन तासांत तीनच प्रश्न. आपल्या पोरांना हे वाचून हलकं वाटेल, पण तासभर एकाच मुद्द्याला धरून लिहून बघा म्हणजे कळेल. चौथ्या वर्षी सगळं फिजिक्स घ्या, सगळं तत्त्वज्ञान घ्या, नाहीतर दोन्ही मिळून घ्या. तिसऱ्यानंतर बी.ए. घेऊन बाहेर पडायचीही सोय आहे. फर्स्ट क्लास सत्तरला, हे ऐकून माझी बहीण म्हणाली, “मंग सोप्पं शे.” तिथले सत्तर सहजी मिळत नाहीत, हे तिला समजावण्यात अर्थ नव्हता.

मला सगळ्यात आवडलेला नियम असा: दोन्हींपैकी एका विषयात उत्तम काम असेल आणि दुसऱ्याचं पुरेसं ज्ञान दिसत असेल, तर सर्वोच्च श्रेणी मिळू शकते. दोन्हीकडे सारखंच चमकायची सक्ती नाही, पण एकाला पाठ दाखवून सुटकाही नाही. नियम करणाऱ्यानं दोन्ही वर्गांत बसून बघितलंय, असं वाटतं. पूर्ण एक तारा या ओळीचा.

आपल्याकडे २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर मेजर-मायनर, म्हणजे मुख्य विषय आणि जोडविषय, आलं; कागदावर फिजिक्सला तत्त्वज्ञानाची जोड मिळू शकते. आमच्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी चौकशी केली, तर प्रॅक्टिकल आणि तत्त्वज्ञानाचा तास एकाच वेळी! आणि हे कुठे, तर ज्या अमळनेरात प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था, उभारलं, जिथे साने गुरुजी राहून शिकले, तिथून जवळच. ऑक्सफर्डच्या नियमांत चांगलं काय असेल तर हेच, दोन विषयांची सांगड घालायचं काम त्यांनी विद्यार्थ्याच्या गळ्यात टाकलेलं नाही.

परीक्षेचा काळा-पांढरा पोशाखही ठरलेला आहे. शिवाय कोटाला फूल: पहिल्या पेपरला पांढरं, मधल्यांना गुलाबी, शेवटच्याला लाल. फुलांची ही नुसती प्रथा, पण भाचीच्या ध्यानात तेवढंच राहिलं.

वाचणार असाल तर आधी अभ्यासक्रमाची पुस्तिका उघडा, नियम मागाहून. आणि प्रत तुमच्याच वर्षाची घ्या, कारण नियम दरवर्षी नव्यानं निघतात. झेरॉक्सवाल्याकडे अख्खी फाइल देऊ नका, त्यात इतर विषयांचंही भारंभार आहे.