शेवटचा माणूस, तीन वेळा: १९६४, १९७१ की २००७?

रिचर्ड मॅथेसनची ‘आय अ‍ॅम लेजंड’ ही कादंबरी १९५४ ची. साथ येते, जग मरतं, मेलेले रात्री उठून एका घराच्या दारावर धडका देतात आणि त्या घरात एकच धडधाकट माणूस उरलेला असतो. एवढ्या ऐवजावर आजवर तीन मोठे सिनेमे निघाले: ‘द लास्ट मॅन ऑन अर्थ’ (१९६४), ‘द ओमेगा मॅन’ (१९७१) आणि कादंबरीचंच नाव लावलेला ‘आय अ‍ॅम लेजंड’ (२००७). शनिवारी रात्री यातला एकच बघायचा असेल तर कुठला, हा प्रश्न मला बऱ्याचदा विचारला गेला आहे. दर वेळी उत्तर देताना मी ‘पण’ म्हणून पुढे अर्धा तास बोलतो. तो अर्धा तास इथे लिहून काढतो.

इंग्रजीत या सगळ्याला ‘प्लेग’ म्हणतात. आपल्याकडे प्लेग म्हटलं की मेलेले उंदीर, १८९७ चं पुणं आणि रँड. इथे ते काही नाही. साथ कुठलीही असो, माणसं झपाट्यानं मरली की झाला प्लेग.

तो एकटा माणूस दिवसा काय करतो, यावरून तुमची निम्मी निवड होऊन जाईल.

१९६४ चा मॉर्गन (कादंबरीतलं नेव्हिल हे नाव या सिनेमानं बदललं) सकाळी उठतो, भिंतीवर हातानं लिहिलेल्या कॅलेंडरात एक दिवस खोडतो आणि कामाला लागतो. अंगणातली प्रेतं गाडीत घालायची, गावाबाहेरच्या जळत्या खड्ड्यात नेऊन टाकायची, बंद सुपरमार्केटातून लसूण आणायचा, दारावरच्या लसणाच्या माळा बदलायच्या, संध्याकाळी लेथवर लाकडाचे टोकदार खुंटे तासायचे. उद्या परत तेच. नळाला पाणी येण्याच्या वेळेशी ज्यांचा दिवस बांधलेला असतो त्यांना हा थकवा सांगावा लागणार नाही. व्हिन्सेंट प्राइस एरवी भुताखेतांच्या सिनेमांत डोळे वटारणारा नट, पण इथे खांदे पाडून वावरतो. एका रात्री तो घरगुती फिल्म लावतो, बायको-मुलीसोबत सर्कशीला गेल्याची. बघता बघता हसू लागतो, हसणं थांबत नाही, आणि ते रडणं कधी झालं ते कळतच नाही. मला तिन्ही सिनेमांतला हा सगळ्यात खरा क्षण वाटतो.

१९७१ चा नेव्हिल म्हणजे चार्ल्टन हेस्टन. लष्करातला डॉक्टर, हुद्दा कर्नल. हा उघड्या टपाच्या गाडीतून रिकाम्या लॉस एंजेलिसमध्ये गाणी ऐकत फिरतो, खिडकीत सावली हलली की करकचून ब्रेक दाबतो आणि मशीनगन चालवतो. गाडी ठोकली तर शोरूममध्ये शिरून नवी घेतो. घेताना तिथल्या मेलेल्या विक्रेत्याशी भावाची घासाघीसही करतो. थिएटरात जाऊन स्वतःच प्रोजेक्टर सुरू करतो आणि ‘वुडस्टॉक’ हा संगीत महोत्सवावरचा माहितीपट बघतो, संवाद पाठ झालेले. मग रस्त्यावर येतो आणि शहरातले सगळे फोन वाजू लागतात. कुठलाही फोन वाजत नाहीये, असं तो स्वतःलाच ओरडून सांगतो. हा प्रसंग जबरदस्त आहे. बाकी हेस्टन एकटेपणात मजेत दिसतो. माणसं गेली पण गाड्या उरल्या, असा त्याचा चेहरा.

२००७ चा विल स्मिथ न्यूयॉर्कमध्ये राहतो, बरोबर सॅम ही जर्मन शेफर्ड कुत्री. गवत उगवलेल्या रस्त्यांवरून गाडी पळवत तो हरणांची शिकार करतो, सेंट्रल पार्कमधून कणसं तोडून आणतो, विमानवाहू जहाजावरच्या विमानाच्या पंखावर उभा राहून गोल्फ खेळतो. व्हिडिओच्या दुकानात त्यानं कपड्याच्या दुकानांतले पुतळे मांडून ठेवलेत, त्यांना नावं दिली आहेत, रोज त्यांच्याशी बोलून एक डीव्हीडी परत करतो आणि दुसरी नेतो. घड्याळात सूर्यास्ताचा गजर लावलेला. तो वाजला की घराकडे. दाराच्या पायऱ्या धुवून माणसाचा वास पुसायचा, पोलादी झडपा लावायच्या आणि बाथटबमध्ये कुत्रीला कुशीत घेऊन रात्र काढायची. पहिला तासभर हा सिनेमा जवळपास निःशब्द आहे आणि एवढ्या खर्चाच्या सिनेमात एवढी शांतता क्वचितच मिळते. २०२० च्या टाळेबंदीत ज्यांनी गॅलरीतून मोकळा रस्ता पाहिला आहे त्यांनी हा तास पुन्हा एकदा बघावा; आता तो वेगळाच दिसतो.

म्हणजे एकटेपणासाठी २००७, थकव्यासाठी १९६४, चैनीसाठी १९७१.

रात्री दारात येणाऱ्यांचा हिशेब मात्र उलटा लागतो. २००७ चे ‘डार्कसीकर’ संगणकावर बनवलेले आहेत आणि तसेच दिसतात. आधी मेकअप केलेले नट घ्यायचं ठरलं होतं, नंतर बेत बदलला. त्याची किंमत सिनेमा शेवटपर्यंत मोजतो. पहिल्यांदा ते अंधाऱ्या इमारतीत घोळका करून पाठमोरे उभे दिसतात तेव्हा अंगावर काटा येतो. तोंड फाडून उजेडात आले की भीती संपते. १९६४ मधले हडकुळे, अडखळत चालणारे, फळकुटांनी दार बडवणारे लोक दिसायला अगदीच किरकोळ, पण त्यांच्यात बेन कॉर्टमन आहे. मॉर्गनचा जुना सहकारी. रोज रात्री खिडकीखाली उभा राहून तो हाक मारतो: मॉर्गन, बाहेर ये. ओळखीच्या आवाजाला रोज रात्री नकार द्यायचा, यापुढे संगणकातला कुठलाही राक्षस फिका. पुढे दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोनं १९६८ मध्ये जे झाँबी उभे केले त्यांचं मूळही मॅथेसनच्या या कादंबरीत आहे, आणि ते त्यानं स्वतः कबूल केलं आहे.

१९७१ मध्ये तर राक्षसच नाहीत. काळे झगे, पांढरे डोळे, उजेड सहन न होणारी माणसं. स्वतःला ‘फॅमिली’ म्हणवतात. त्यांचा म्होरक्या मथायस पूर्वी टीव्हीवर बातम्या सांगायचा. त्यांचं म्हणणं सरळ आहे: यंत्रांनी आणि शास्त्रज्ञांनी जग मारलं, नेव्हिल त्या जगाचा शेवटचा अवशेष, म्हणून त्याला जाळा. बंदुका वापरणार नाहीत, मशाली आणि गोफणयंत्र चालतं. कल्पना म्हणून ही मला तिन्हींत चतुर वाटते. पडद्यावर मात्र ती गॅदरिंगमधल्या नाटकाच्या वेशभूषेत वावरते.

साथीचं कारण प्रत्येक सिनेमानं आपल्या काळाच्या भीतीतून उचललं आहे. १९७१ मध्ये रशिया आणि चीन यांच्या युद्धातली जैविक अस्त्रं. २००७ मध्ये गोवराच्या विषाणूत फेरफार करून काढलेलं कॅन्सरवरचं औषध, जे उलटतं: सहाशे कोटींतले ५४० कोटी मेले, असा आकडा नेव्हिल सांगतो. कोविडच्या काळात ‘त्या सिनेमात लसीमुळेच सगळे तसे झाले’ अशी अफवा अमेरिकेत इतकी पसरली, की हे आपण रचलेलं आहे, खरं नाही, असं पटकथाकार अकीवा गोल्ड्समन यांना २०२१ मध्ये जाहीरपणे सांगावं लागलं. शिवाय सिनेमात ती लस नव्हतीच. १९६४ च्या सिनेमात रोग युरोपातून पसरत येतो आणि मॉर्गन वाचतो तो पूर्वी पनामात वटवाघूळ चावलं होतं म्हणून. यावर फार विचार करू नका.

पण त्याच सिनेमात मधली वीसेक मिनिटं साथ प्रत्यक्ष पसरताना दाखवली आहे आणि त्यासाठी मी त्याची सगळी गरिबी माफ करतो. मुलगी आजारी पडते, मरते. सरकारी ट्रक येऊन तिला खड्ड्याकडे घेऊन जातो आणि बाप मागे धावतो. प्रेत ताब्यात मिळत नाही म्हणजे काय, हे आपल्याला २०२०-२१ मध्ये समजलं. म्हणून बायको जाते तेव्हा तो कोणालाही न कळवता तिला स्वतः पुरतो. त्याच रात्री दारावर टकटक होते आणि कोणीतरी हळू आवाजात त्याचं नाव घेतं.

गरिबी म्हणजे काय तेही सांगतो. सिनेमा कृष्णधवल, चित्रण रोममध्ये. गोष्ट अमेरिकेची, पण मागे मुसोलिनीच्या काळातला कमानींचा चौकोनी प्रासाद उभा. इटालियन नटांचे ओठ एक बोलतात आणि इंग्रजी दुसरंच ऐकू येतं. पटकथेवर मॅथेसननं काम केलं होतं, पण पुढचे बदल न पटल्यानं त्यानं श्रेयनामावलीत ‘लोगन स्वान्सन’ असं खोटं नाव लावायला सांगितलं. अमेरिकेत या सिनेमाचे हक्क खुले झाल्यामुळे तो इंटरनेटवर फुकट आहे, पण प्रती धुवट, कापलेल्या. थोडं शोधून स्वच्छ प्रत घ्या. लांबी जेमतेम ८६ मिनिटं.

आता शेवट. ज्यांना कळून घ्यायचा नाही त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडावेत.

कादंबरीची खरी ताकद शेवटच्या पानात आहे. रोग्यांपैकी काही जण औषधानं सावरून नवा समाज उभारत असतात आणि नेव्हिल दिवसा ज्यांना झोपेत खुंटे ठोकून मारत सुटला त्यांत त्यांचीही माणसं होती. म्हणजे दिवसा येऊन घरात घुसणारा राक्षस तोच. लेजंड म्हणजे दंतकथा, ती या अर्थानं. १९६४ चा सिनेमा इथपर्यंत येतो आणि उंबऱ्यावर अडखळतो: मॉर्गनला ते चर्चच्या वेदीपाशी भाल्यानं मारतात, पण मरताना तो त्यांनाच विकृत म्हणतो. स्वतःकडे त्यांच्या डोळ्यांनी बघणं त्याला जमत नाही. तरी प्रश्न प्रेक्षकापर्यंत पोचतो. १९७१ मध्ये हा प्रश्नच नाही. हेस्टन कारंज्यात हात पसरून ख्रिस्तासारखा मरतो आणि त्याच्या रक्तातून केलेलं औषध पुढच्यांना मिळतं.

२००७ ची गंमत अशी की त्याला दोन शेवट आहेत. नेव्हिल एका डार्कसीकर बाईला प्रयोगासाठी पकडतो, तेव्हा त्यांचा एक नर उन्हात चेहरा भाजून घेतो. पुढे नेव्हिलचाच पुतळा जागेवरून हलवून, त्याच्याच पद्धतीनं, त्याला फासात अडकवलं जातं. म्हणजे हे विचार करतात, नाती जपतात. सगळी तयारी कादंबरीच्या शेवटाची. आणि थिएटरातल्या प्रतीत काय होतं? नेव्हिल औषध दुसऱ्याच्या हाती देऊन हातबॉम्बनं स्वतःसकट सगळ्यांना उडवतो. दंतकथा म्हणजे वीरकथा, झालं. दुसऱ्या, आधी चित्रित केलेल्या शेवटात तो नर फक्त आपली बाई परत मागायला आलेला असतो. नेव्हिल ती देतो, माफी मागतो, आणि भिंतीवर त्यानं मारलेल्यांचे फोटो कॅमेरा सावकाश दाखवतो. सिनेमाच बदलून जातो. पुढच्या भागाची घोषणा झाली तेव्हा तो याच शेवटाला धरून असेल असं निर्मात्यांनीही सांगितलं.

तेव्हा माझं उत्तर: एकच बघायचा तर २००७, पण पर्यायी शेवट असलेली आवृत्ती मिळवूनच. ती मिळत नसेल तर १९६४, दिवे मालवून आणि हेडफोन लावून. गर्दी जमवून, मध्ये मध्ये शेरे मारत बघायचा असेल तर १९७१ सारखा दुसरा नाही. त्यात रोझालिंड कॅशची लिसा आहे. कृष्णवर्णीय नायिका गोऱ्या नायकाच्या बरोबरीनं उभी राहणं तेव्हा मोठ्या स्टुडिओच्या सिनेमात दुर्मीळ होतं, आणि ती हेस्टनला बंदुकीच्या धाकावर पुढे घालते. घरातल्या लहानांना मात्र तिन्हींपैकी काहीच दाखवू नये. २००७ मध्ये दचकवणारे प्रसंग बरेच, १९७१ मध्ये थोडं उघडंवाघडं, आणि १९६४ चा तो ट्रक.

कुत्रा मरतो का, असं आधी विचारून मगच सिनेमा लावणाऱ्यांसाठी: १९६४ मध्ये मरतो, २००७ मध्ये मरते आणि फार वाईट मरते. १९७१ मध्ये कुत्राच नाही.