पाळीची तारीख, पहिली सोनोग्राफी की आठव्या महिन्यातला रिपोर्ट: ड्यू डेट कोणती धरायची?

फाईलमध्ये तीन कागद आणि तिन्हींवर तारीख वेगळी, असं आपल्याकडे बऱ्याच जणींच्या बाबतीत होतं. आशाताईंनी किंवा नर्सबाईंनी माता-बाल संरक्षण कार्डावर पाळीवरून एक तारीख लिहिलेली असते, पहिल्या सोनोग्राफीत दुसरी येते आणि आठव्या महिन्यातल्या रिपोर्टवर तिसरीच. मग घरात सगळे ताज्या रिपोर्टवर विश्वास ठेवतात. माझं मत नेमकं उलट आहे. गर्भाचं वय ठरवायचं असेल तर जुना कागद बघा. मोजमाप जितकं लवकरचं, तितकं ते भरवशाचं.

सगळ्यात सोपा हिशेब पाळीचा. शेवटची पाळी ज्या दिवशी सुरू झाली, त्या दिवसापासून २८० दिवस म्हणजे ४० आठवडे. आपल्याकडचे 'नऊ महिने नऊ दिवस' याच्या अगदी जवळ जातात. डॉक्टर तोंडी हिशेब करतात तो जर्मन प्रसूतितज्ज्ञ नेगेले यांच्या नावाने ओळखला जातो: तारखेत सात दिवस मिळवायचे आणि तीन महिने मागे यायचं. पाळी १० मार्च २०२५ला आली असेल तर १७ डिसेंबर. मोबाईलमधलं ॲप मात्र नेमके २८० दिवस मोजून १५ डिसेंबर दाखवेल, कारण सगळे महिने सारख्या दिवसांचे नसतात. या दोन दिवसांचा घोर लावून घेऊ नका.

या पद्धतीला पैसा लागत नाही, पण ती २८ दिवसांची नियमित पाळी गृहीत धरते. पाळी दर ३५ दिवसांनी येत असेल तर स्त्रीबीजही साधारण आठवडाभर उशिरा बाहेर पडतं, म्हणून तारीखही आठवडाभर पुढे जाते. पीसीओडी (पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा त्रास) असेल, गर्भनिरोधक गोळ्या नुकत्याच बंद केल्या असतील, किंवा पहिलं बाळ अंगावर पीत असताना पाळी न येताच पुन्हा दिवस राहिले असतील, तर हा हिशेब धरूच नका. कधी गर्भ राहिल्यावर थोडं रक्त जातं, तीच पाळी समजली जाते आणि गर्भ महिनाभर लहान मोजला जातो.

इथे एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी समजून घ्यायला हवी. आठवडे पाळीपासून मोजतात, गर्भ राहिल्यापासून नव्हे. म्हणजे 'आठ आठवडे' लिहिलेलं असतं तेव्हा गर्भ राहून साधारण सहाच आठवडे झालेले असतात. नवरा बोटीवर किंवा परगावी नोकरीला असेल, तर तो घरी आल्याची तारीख आणि रिपोर्टमधले आठवडे जुळवून बाईवर संशय घेतला जातो. त्या दोन आठवड्यांपायी कुणालाही असं काही ऐकून घ्यावं लागू नये.

आता सोनोग्राफी. १३ आठवडे ६ दिवसांपर्यंत डोक्यापासून कुल्ल्यापर्यंत बाळाची लांबी मोजतात. या काळात सगळी बाळं जवळपास एकाच गतीने वाढतात, त्यामुळे चूक झालीच तर पाच-सात दिवसांची. पाळीच्या आणि सोनोग्राफीच्या तारखेत नऊ आठवड्यांच्या आत पाचपेक्षा जास्त दिवसांचा, किंवा त्यानंतर चौदाव्या आठवड्याआधी सातपेक्षा जास्त दिवसांचा फरक असेल, तर सोनोग्राफीची तारीख धरतात. फरक त्याहून कमी असेल तर पाळीचीच राहू देतात.

खर्चामुळे एकच सोनोग्राफी करता येणार असेल आणि पाळी नियमित असेल, तर मी ११ ते १३ आठवड्यांतली एनटी स्कॅन निवडेन. तिच्यात वयही कळतं आणि बाळाच्या मानेमागची जाडीही मोजली जाते. पाळी अनियमित असेल तर सातव्या-आठव्या आठवड्यातच एक करून घ्या. पाचव्या आठवड्यात घाई केली तर नुसती पिशवी दिसते, ठोके दिसत नाहीत आणि घरभर उगाच घबराट होते. पोटात दुखत असेल किंवा रक्त जात असेल तर मात्र आठवडे मोजत बसू नका, लगेच जा.

आठव्या महिन्यातला रिपोर्ट तारखेसाठी सगळ्यात कच्चा. तोवर प्रत्येक बाळाची वाढ आपापल्या वळणाने जाते. कुणी अंगाने भरतं, कुणी बारीक राहतं. मशीन डोकं, पोट आणि मांडीचं हाड मोजून 'एवढ्या मापाचं बाळ साधारण इतक्या आठवड्यांचं असतं' एवढंच सांगतं. शेवटच्या तीन महिन्यांत हा अंदाज तीन आठवड्यांपर्यंत चुकू शकतो. समजा, नवव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीनुसार आज ३२ आठवडे झालेत आणि रिपोर्ट ३० म्हणतो. याचा अर्थ बाळंतपण दोन आठवडे लांबलं असा होत नाही. बाळ वयाच्या मानाने लहान आहे का, त्याला रक्तपुरवठा नीट होतोय का, हे डॉक्टरांनी बघायला हवं. तारीखच पुढे ढकलली तर ही शंका कागदावरून पुसली जाते, आणि मला खरी भीती त्याचीच वाटते. आईला मधुमेह असेल तर उलट बाळ मोठं दिसतं. म्हणून दिवस लवकर भरत नाहीत.

आयव्हीएफ म्हणजे टेस्ट-ट्यूब पद्धतीने दिवस राहिले असतील तर वादच नाही: पाच दिवसांचा गर्भ ज्या दिवशी गर्भाशयात सोडला, त्या तारखेत २६१ दिवस मिळवा.

पोटावरून टेपने मोजणं स्वस्त आणि पडताळणीला चांगलं. २४ आठवड्यांनंतर जितके आठवडे तितके सेंटीमीटर, असा ढोबळ मेळ बसतो. पण जुळी, बाळाभोवती जास्त पाणी किंवा गर्भाशयात गाठ असली की तो बिघडतो. बाळाची पहिली हालचाल पहिलटकरणीला साधारण १८ ते २० आठवड्यांत जाणवते, पुढच्या खेपेला जरा आधी. तारीख ठरवायला ती पुरत नाही. लघवीच्या पट्टीवरून आठवडे कळतच नाहीत.

नेमक्या ड्यू डेटला शंभरात जेमतेम पाच बाळं जन्मतात, तरी ही तारीख पक्की लागते. ४१ आठवडे उलटले की कळा आणायच्या का, हे तिच्यावरूनच ठरतं. म्हणून पहिला रिपोर्ट प्रत्येक तपासणीला सोबत न्या आणि ठरलेली तारीख डॉक्टरांकडून फाईलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. पहिली सोनोग्राफीच २२ आठवड्यांनंतर झाली असेल तर तेही स्पष्ट सांगा. मग डॉक्टर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा एक करायला सांगू शकतात, म्हणजे मधल्या काळात बाळ किती वाढलं ते कळतं.