शिडाच्या बोटीतून देवमासे: अझोर्स की मिरिसा?

शिडाच्या बोटीवर उभं राहिलं की डोळे पाण्यापासून जेमतेम अडीच मीटरवर असतात. तेवढ्या उंचीवरून क्षितिज साधारण साडेपाच किलोमीटरवर संपतं, आणि वर बोट डुलत असते ते वेगळंच. देवमासे पाहायला कुठे जावं हे ठरवताना लोक तिथे किती जाती दिसतात ते बघतात. मी आधी हे साडेपाच किलोमीटर बघतो. त्या टप्प्यात देवमासा आलाच, तर तो कुठला हे ओळखायला कुठलं पाणी सोयीचं?

अझोर्स ही भर अटलांटिकमधली पोर्तुगालची नऊ बेटं. कॅरिबियनहून युरोपला परतणाऱ्या यॉट मे-जूनमध्ये होर्ता बंदरात थांबतात आणि धक्क्यावर आपल्या बोटीचं चित्र रंगवून पुढे जातात. न रंगवणं अशुभ समजतात. निळे, फिन आणि सेई हे मोठे देवमासे साधारण त्याच वसंतात उत्तरेकडे जाताना इथून सरकतात. स्पर्म व्हेल मात्र बाराही महिने असतो. आपल्याकडे ज्याच्या ‘उलटी’च्या तस्करीच्या बातम्या येतात, तोच हा. (ती उलटी नसते, आतड्यात तयार होते, पण बातमीला ‘उलटी’च बरी वाटते.) पिको बेटावरचे लोक १९८० च्या दशकापर्यंत त्याची शिकार करत. कड्यावरच्या टेहळणीच्या खोपटात दुर्बीण घेऊन बसलेला माणूस फवारा दिसला की खाली इशारा द्यायचा. आता तशाच खोपटांतून पर्यटकांच्या बोटींना रेडिओवर दिशा सांगतात. शंभर मीटर उंच कड्यावरून क्षितिज ३५ किलोमीटरवर जातं. टेहळ्याशी जोडलेली बोट घेतलीत तर तुमच्या अडीच मीटरची अडचण निम्मी संपते. स्वतःच्या यॉटने समुद्र ओलांडत असाल तर भिस्त आपल्याच डोळ्यांवर.

मिरिसा श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला. इथे समुद्राचा तळ किनाऱ्यापासून जवळच एकदम खोल जातो, त्यामुळे नोव्हेंबर ते एप्रिल निळा देवमासा किनाऱ्याहून थोड्याच अंतरावर दिसतो. उत्तर हिंदी महासागरातले हे निळे देवमासे ध्रुवाकडे जात नाहीत, याच गरम पाण्यात चरतात. आशा दि व्होस या श्रीलंकन संशोधिकेने त्यांच्यावर बरीच वर्षं काम केलं आहे. अडचण अशी की जगातल्या सर्वांत गजबजलेल्या जहाजमार्गांपैकी एक याच पाण्यातून जातो. एमएससी या मोठ्या कंपनीने २०२२ मध्ये आपली जहाजं आणखी दक्षिणेकडून न्यायचं ठरवलं, बाकीची बरीचशी अजून तिथूनच जातात. शिडाच्या संथ बोटीवरून देवमासा शोधताना मागून येणाऱ्या कंटेनर जहाजावरही एक डोळा ठेवावा लागतो.

आता ओळखण्याचं. फवाऱ्याच्या उंचीवर विसंबू नका. निळ्याचा फवारा आठ-नऊ मीटर उंच जातो हे खरं, पण वारा तो क्षणात फाडतो आणि शिडाच्या बोटीला वारा तर लागणारच. त्यापेक्षा मोजा. फवारा दिसल्यापासून पाठीवरचा पर दिसेपर्यंत किती वेळ गेला? निळ्याचा पर शेपटीच्या बाजूला अगदी मागे आणि इवलासा, म्हणून लांबलचक निळसर-करडी, ठिपकेदार पाठ सरकतच राहते आणि आता पर नाहीच बहुतेक असं वाटेपर्यंत तो येतो. फिनचा पर फवाऱ्यानंतर थोड्याच वेळात. सेईचा फवारा आणि पर जवळपास एकदमच, आणि तो पाठ फारशी न वाकवता सरळ खाली जातो. स्पर्म व्हेलचा प्रश्न नाही: त्याचं श्वासछिद्र डोक्याच्या टोकाला डावीकडे असल्याने फवारा पुढे, डावीकडे तिरका उडतो. हे तिरकेपण वाऱ्यामुळे आहे की मूळचंच, एवढं ताडायला दोन-तीन श्वास पुरतात. मग शेपूट उंच उचलून तो बुडी मारतो आणि पाऊण तास गायब.

त्या पाऊण तासात शिडाची बोट कामाला येते. इंजिन बंद करून पाण्यात हायड्रोफोन (पाण्याखालचे आवाज टिपणारा माइक) सोडला की बुडालेल्या स्पर्म व्हेलची टिकटिक ऐकू येते. १९८२ ते ८४ मध्ये ‘ट्यूलिप’ नावाच्या शिडाच्या लहान बोटीवरून संशोधकांनी हिंदी महासागरातल्या स्पर्म व्हेलचा अभ्यास याच पद्धतीने केला, आणि त्यात श्रीलंकेचं पाणीही होतं.

मिरिसाला हे मोजणं फारसं करावं लागत नाही. मोठा दिसला तर बहुतेक निळाच. मधून ब्रायडचा देवमासा, ज्याच्या डोक्यावर तीन कंगोरे असतात, आणि अधूनमधून स्पर्म. फेब्रुवारी-मार्चच्या सकाळी पाणी तेलासारखं सपाट असतं, तेव्हा पाठ शेवटपर्यंत दिसते. पण वाराच नसेल तर शीड गुंडाळून इंजिनावरच जावं लागतं. अझोर्सला उलट: वारा भरपूर, शीड फुगलेलं, पण लाटांच्या टोकांवर फेस फुटू लागला की प्रत्येक फेस फवारा वाटतो. दुर्बीण तिथे दहापट नको, ७×५० (म्हणजे सातपट) न्या. डुलत्या बोटीवर दहापटीत चित्र थरथरतं.

खर्चात तुलनाच नाही. मुंबईहून कोलंबो अडीच तासांवर. अझोर्सला शेंगेन व्हिसा, लिस्बन, मग आणखी एक विमान.

माझं मत: आयुष्यात एकदा निळा देवमासा पाहायचा असेल तर मिरिसा, पण बोट निवडताना ‘किती जवळ नेता?’ असं विचारा. ‘अगदी जवळ’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे चला, कारण एका देवमाशामागे सात-आठ बोटी लागल्या की तो लवकर बुडी मारतो आणि तुमची मोजणी अर्धवट राहते. ओळखायलाच शिकायचं असेल तर मे महिन्यात अझोर्स, किमान पाच दिवस, कारण त्यातले दोन वारा खाणार. फिन दिसला तर कॅमेरा घेऊन त्याच्या उजव्या बाजूला या: त्याचा खालचा जबडा उजवीकडे पांढरा, डावीकडे काळा असतो. चुकीच्या बाजूने काढलेला फोटो नंतर कितीही मोठा करून बघितला तरी ही खूण त्यात सापडत नाही.