इल्का आठ महिने चालवल्यावर: होडी झकास, शीड निवडताना मात्र मी चुकलो

आठ महिन्यांत या होडीवर साधारण 60 वेळा गेलो. त्यात पाण्यात किती वेळा पडलो हे मोजणं तिसऱ्या आठवड्यातच सोडून दिलं. होडी म्हणजे इल्का. 2019 च्या आधी हिला लेझर म्हणायचे आणि जुनी मंडळी अजूनही तसंच म्हणतात. एकट्याने चालवायची, एका शिडाची. मी वापरलेली घेतली. "घेऊ का?" असं आतापर्यंत तिघांनी विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

आधी माझा गाढवपणा. इल्काचा हल, म्हणजे डोलकाठी आणि शीड उतरवल्यावर उरते ती होडी, सगळ्यांचा सारखाच: लांबी 4.2 मीटरच्या आसपास, वजन सुमारे 59 किलो. शिडं मात्र तीन मापांची. इल्का 4 चं 4.7 चौरस मीटर, 6 चं 5.76 आणि 7 चं 7.06. डोलकाठी दोन तुकड्यांची असते. शीड बदललं की खालचा तुकडाही बदलावा लागतो. विकणाऱ्याकडे 6 आणि 7 दोन्ही संच होते. माझं वजन 64 किलो. हिशेब सरळ होता, 6 घ्यायचं. पण ऑलिंपिकमध्ये 7 पुरुषांचं आणि 6 महिलांचं (2008 पासून), एवढं वाचून माझा अहंकार जागा झाला. घेतलं 7. वाऱ्याला कुणाच्या मिशा दिसत नाहीत, हे पुढचे तीन महिने शिकलो.

या होडीला तळाशी जड कील, म्हणजे होडीला सरळ धरणारा वजनदार पंख, नाही. जे काय वजन, ते तुमचं. पायपट्ट्यांत पाय अडकवून बाहेर झोकून देता तेव्हा तुम्हीच होडीचं वजन असता. वारा 8 नॉटपर्यंत (ताशी सुमारे 15 किलोमीटर) असला की 7 वर मजा यायची. 14-15 नॉटला मात्र मांड्या पेटायच्या, होडी कलायची, मी घाबरून मेनशीट (शीड ओढून धरायची दोरी) सोडायचो, वेग जायचा आणि मागून येणारे सगळे शांतपणे पुढे निघून जायचे. चौथ्या महिन्यात त्याच माणसाकडे जाऊन 6 चा संच आणला. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. त्याच वाऱ्यात त्याच होडीवर मी आता जास्त वेगाने जातो, कारण शीड पूर्ण ओढून धरता येतं. 75-80 किलोच्या पुढचे असाल आणि अंगात ताकद असेल, तर 7 खुशाल घ्या. पन्नाशीच्या आतबाहेर वजन असलेल्यांनी 4 चा विचार करावा.

वारा पाठीवर घेऊन जाताना ही होडी खरी परीक्षा घेते. डुलायला लागते, दोन-तीन हेलकावे आणि तुम्ही वाऱ्याच्या बाजूला पाण्यात. बूम (शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी) खाली खेचून धरणारा वँग मी फार सैल सोडायचो. मग शिडाचा वरचा भाग पिळवटून डोलकाठीच्याही पुढे जातो आणि होडीला तुमच्याच अंगावर ढकलतो. आता वँग थोडा ताणून ठेवतो, बूम काटकोनाच्या पुढे जाऊ देत नाही, डॅगरबोर्ड (होडीच्या मधून पाण्यात उतरवायची फळी) पूर्ण वर काढत नाही, आणि पहिला हेलकावा आला की मेनशीट झटकन आत घेतो. पडणं निम्म्यावर आलं. पडल्यावर डॅगरबोर्डवर उभं राहिलं की होडी सरळ होते, ते अवघड नाही. बसायच्या खोलगट जागेत साचलेलं पाणी मात्र बेलरमधून (तिच्या तळाशी पाणी बाहेर जायचं भोक) होडी चालायला लागल्यावरच बाहेर जातं. थांबून वाट पाहत बसू नका. आणि डोलकाठी होडीला दोरीने बांधल्याशिवाय निघू नका. होडी पालथी झाली आणि काठी भोकातून निसटू लागली, तर डेक फाटू शकतो.

आता देखभाल, आणि खरं लिहायचं आहे ते इथेच. सुट्या भागांची संख्या पाहून वाटतं, हिला काय सांभाळायचं! पाचव्या महिन्यात होडी ओढत किनाऱ्यावर आणताना जड वाटली. मागची बुच काढली तर आतून तीनेक लिटर पाणी निघालं. संशय पहिला डोलकाठीच्या भोकावर, कारण तळाशी साचलेली वाळू काठीबरोबर फिरत राहते आणि नळी झिजवते. ते तपासणं सोपं: नळी पाण्याने भरा, खूण करा, तासाभराने बघा. माझी पातळी हलली नाही. मग सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुचेच्या भोकातून तोंडाने हळू फुंकर मारली (पंप लावू नका, सांधे उघडतील). बुडबुडे आले बेलरच्या कडेला. जुनं सीलंट खरवडून नवं भरलं, दोन दिवस वाळू दिलं, प्रश्न मिटला. आधीच्या मालकाला दोष देत नाही. घेताना मीच बुच काढून बघायला हवं होतं. तुम्ही बघा. डेकवर गुडघे टेकूनही बघा. कुठे मऊ लागलं तर पुढे निघा.

बाकी कामं छोटी आहेत. खाऱ्या पाण्यानंतर सगळं गोड्या पाण्याने धुवायचं, डोलकाठीचे दोन तुकडे वेगळे करूनच ठेवायचे, नाहीतर मीठ आणि वाळू त्यांचं लग्न लावून देतात. शीड घडी न घालता गुंडाळायचं, उन्हात फडफडत ठेवायचं नाही. उन्हात उभ्या होडीची बुच सैल ठेवायची, आतली हवा तापून फुगते.

शर्यतींबद्दल थोडंच. सुरुवातीच्या 5 मिनिटांच्या घड्याळात मी अजूनही गोंधळतो. एकदा पोर्ट टॅकवर (वारा डावीकडून) असताना स्टारबोर्डवाल्याला (वारा उजवीकडून, हक्क त्याचा) वाट दिली नाही आणि दोन गिरक्यांची शिक्षा घेता घेता तिसरी, बिनशिक्षेची, गिरकी आपोआप झाली. तरीही जा, कारण सगळ्यांचा हल एक आणि शीड एका मापाचं असलं की कमी कुठे पडलो ते लपवता येत नाही.

लांबच्या सफरीसाठी मात्र ही होडी नाही. कोरडं राहील असं कोपराएवढंही ठिकाण नाही. ब्रूस कर्बीने रेखाटली तेव्हा अपेक्षाच गाडीच्या टपावर बांधून न्यायच्या होडीची होती, आणि 1971 पासून ती तेवढंच काम चोख करते आहे. रात्रभर कुठे मुक्काम करायचा असेल, तर कील आणि केबिन असलेली होडी बघा.

7 चा संच विकलेला नाही. वारा 6 नॉटच्या खाली गेला की तोच चढवतो.