डेंटल असिस्टिंगचा कोर्स केला, बहिणीने डिजिटल मार्केटिंगचा, दोन्हीबद्दल खरं सांगते

एकाच कॉलेजात दोघींनी अॅडमिशन घेतलं. माझा डेंटल असिस्टिंगचा कोर्स मस्तच झाला, पहिल्याच आठवड्यात हातात सक्शन, म्हणजे तोंडातली लाळ-पाणी ओढून घेणारी नळी दिली, आणि मॅडम मागे उभ्या राहून सांगायच्या की नळी जिभेच्या मागे फार आत नेऊ नकोस, पेशंटला उबळ येते. ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने हत्यारं निर्जंतुक करायचं मशीन, तर इतकं घोटून घेतलं की आता झोपेतही सांगेन, पाऊचमधली हत्यारं १२१ डिग्रीला ३० मिनिटं, उष्णतेने रंग बदलणाऱ्या टेपवरच्या रेघा काळ्या झाल्यात का बघायचं आणि पाऊच ओला असेल तर तो वापरायचाच नाही. दातांचे नंबर ११ ते ४८ (पहिला आकडा तोंडाचा कोणता भाग, दुसरा त्यातला कितवा दात) पाठ करताना मात्र घाम फुटला, कारण आपला उजवा तो पेशंटचा डावा. अल्जिनेट, म्हणजे दातांचा साचा घ्यायची पावडर, कालवायला तर मला महिना लागला, सारख्या गुठळ्या!

बहिणीचं मात्र वाईट वाटतं. वेबसाइटवर किती लोक येतात ते मोजायचं गूगलचं जुनं टूल, युनिव्हर्सल अॅनालिटिक्स, शिकवत बसले, जे गूगलने जुलै २०२३ मध्येच बंद केलं, आणि खऱ्या अकाउंटवर एकसुद्धा जाहिरात चालवायला दिली नाही, नुसत्या स्लाइड्स. अॅडमिशनच्या आधी विचारा, लाइव्ह कॅम्पेन करायला देणार का? उत्तर गोलमोल आलं तर पैसे भरू नका.